सोसायटीच्या खात्याचे सात वर्षांचे व्यवहार उतरवणं : प्रकल्प नोंदी

१ जून २०२५, रविवार

काम नक्की काय ते आधी लिहून ठेवते. पुण्यातल्या सहकारनगरमधली आमची चोवीस फ्लॅटची सोसायटी, मी तिची खजिनदार, तिच्या बँक खात्यातला १ एप्रिल २०१८ ते ३१ मार्च २०२५ मधला एकूण एक व्यवहार एका शीटमध्ये आणायचा आणि प्रत्येक ओळीसमोर ती कुठल्या फ्लॅटची किंवा कुठल्या खर्चाची हे लिहायचं. पुनर्विकासाची बोलणी सुरू झालीयेत, आसपासच्या निम्म्या बिल्डिंगा पडल्यात किंवा पडणारेत, आणि मीटिंगमध्ये दरवेळी गाडी एकाच जागी अडते की सिंकिंग फंडाचे (मोठ्या कामांसाठी दरवर्षी बाजूला टाकायचे पैसे) नक्की किती जमले, कोणाचं मेंटेनन्स थकलंय, कोणी डबल भरलंय. उपविधीप्रमाणे सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती निधी ०.७५ टक्के, म्हणजे रक्कम लहान नाही, ती लोकांच्या कष्टाची आहे आणि तिचा हिशोब प्रत्येकाला समजेल असा मांडायलाच हवा.

आत्ता आपल्याकडे काय आहे तर २०२१ पर्यंत जुन्या खजिनदार काकांची हाताने लिहिलेली रजिस्टरं (अक्षर सुंदर, पण बेरजा पेन्सिलीने), नंतरचं थोडं टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, थोडं व्हॉट्सॲपवर आलेल्या स्क्रीनशॉटमध्ये. माझं म्हणणं कमिटीत मांडलं की आधी बँकेचं रेकॉर्ड पूर्ण उतरवू, तोच पाया, रजिस्टर आणि पावत्या त्याच्याशी ताडू, उलटं नको. सगळ्यांना पटलं. ऑडिट आर्थिक वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत म्हणजे ३१ जुलैपर्यंत व्हायला हवं, त्यामुळे वेळ मर्यादित आहे.

३ जून, मंगळवार

नेटबँकिंगचे हक्क. सोसायटीचं खातं दोन सह्यांचं आहे, त्यामुळे नेटबँकिंगला एक जण व्यवहार टाकणार आणि दुसरा मंजूर करणार अशी रचना आहे, चेअरमन काका आणि सेक्रेटरी काका. मी त्यांचा पासवर्ड घेतला नाही, घेणारही नाही. कमिटीचा ठराव जोडून बँकेत अर्ज दिला की खजिनदाराला वेगळा युजर आयडी द्या आणि त्याला फक्त बघायचे हक्क द्या. पैसे हलवायची सोयच नको, उतरवून घ्यायला ती लागतही नाही. हा अर्ज कुठल्याही सोसायटीने, ट्रस्टने, मंडळाने आजच द्यावा असं मला मनापासून वाटतं, कारण आज जवळजवळ सगळीकडे एकच पासवर्ड चार जणांच्या मोबाइलमध्ये फिरत असतो.

भाच्याने दोन ॲप सुचवली, तुमचा नेटबँकिंग आयडी-पासवर्ड द्या, आम्ही सगळं ओढून आणतो अशा प्रकारची. नाही म्हटलं. बँकेचा पासवर्ड तिसऱ्या कोणाला टाइप करून देणं हे त्या ॲपवर विश्वास असला तरी चूकच. त्यापेक्षा अकाउंट ॲग्रिगेटर ही पद्धत सरळ आहे, रिझर्व्ह बँकेचे त्यासाठीचे नियम पहिल्यांदा २०१६ मध्ये आले, प्रत्यक्षात सप्टेंबर २०२१ पासून बँका त्यावर यायला लागल्या, त्यात पासवर्ड द्यावा लागत नाही, कुठला डेटा, किती काळासाठी, कशासाठी ते लिहिलेली संमती आपण देतो आणि मधल्या ॲग्रिगेटरला तो डेटा वाचताच येत नाही कारण तो कुलूपबंद जातो. माझं स्वतःचं एकटीचं खातं तिथे जोडून बघितलं, व्यवस्थित चाललं. सोसायटीचं दोन सह्यांचं खातं मात्र जोडता आलं नाही. म्हणून आपलं जुनंच, लॉगिन करून फाइल उतरवणं.

७ जून, शनिवार

आयडी मिळाला, पहिली उतरवणी आज. स्टेटमेंटच्या पानावर चार प्रकार दिसतात, पीडीएफ, एक्सेल, सीएसव्ही (रकाने स्वल्पविरामाने तोडलेली साधी टेक्स्ट फाइल) आणि एमटी९४०. एका वेळी जास्तीत जास्त एक वर्ष मागता येतं, म्हणून आर्थिक वर्षाप्रमाणे तुकडे केले, १ एप्रिल ते ३१ मार्च. कोणी कॅलेंडर वर्षाप्रमाणे केलं तरी चालेल पण ऑडिटला आर्थिक वर्षच लागतं, मग उगाच जोडत बसावं लागतं.

प्रत्येक वर्षाची पीडीएफसुद्धा घेतली आणि सीएसव्हीसुद्धा. पीडीएफ माणसांनी बघायला आणि ऑडिटरला दाखवायला, तिच्यावर बँकेचं नाव-पत्ता-पान नंबर सगळं असतं. हिशोब सीएसव्हीवर. नुसती पीडीएफ घेऊन ठेवणारे पुष्कळ आहेत आणि नंतर तिच्यातून आकडे काढताना रात्री जागवतात, कारण पीडीएफमध्ये सहसा टेबल नावाची गोष्टच नसते, कागदावर कुठल्या जागी कुठलं अक्षर छापायचं एवढंच तिला माहीत असतं, ओळी आणि रकाने आपल्याला अंदाजाने परत बांधावे लागतात.

एमटी९४० बद्दल थोडं, कारण कमिटीत कोणालाच माहीत नव्हतं. हा स्विफ्टचा (बँकांमधली निरोपांची आंतरराष्ट्रीय व्यवस्था) जुना साचा, कंपन्यांची अकाउंटिंग सॉफ्टवेअर वाचतात. साधी टेक्स्ट फाइल, प्रत्येक ओळीला नंबर, ६०एफ म्हणजे सुरुवातीची शिल्लक, ६१ म्हणजे एक व्यवहार, ८६ म्हणजे त्याचं वर्णन, ६२एफ म्हणजे शेवटची शिल्लक. तारीख आधी वर्ष मग महिना मग दिवस अशी, त्यामुळे तिच्यात दिवस-महिन्याचा घोटाळा नाही. दशांश मात्र टिंबाने नाही, स्वल्पविरामाने लिहितात, म्हणजे अडीच हजार रुपये २५००,०० असे दिसतात, आपल्याला पटकन अडीच लाख वाटतात. मी ही फाइलपण ठेवली, ताळ्यासाठी.

फाइलचं नाव ठेवायची पद्धत ठरवली, खात्याचे शेवटचे चार आकडे, कुठपासून, कुठपर्यंत, कधी उतरवली. "स्टेटमेंट फायनल नवीन २" असल्या नावांना बंदी. मूळ फाइल्स "मूळ" नावाच्या फोल्डरमध्ये, फक्त वाचता येतील अशा करून ठेवल्या, काम सगळं कॉपीवर. आणि प्रत्येक मूळ फाइलचा शा-२५६ काढून वहीत चिकटवला. हा ६४ अक्षरांचा ठसा असतो, फाइलमधलं एक अक्षर जरी बदललं तरी ठसा पूर्ण वेगळा येतो. उद्या कोणी विचारलं की हे आकडे मागाहून बदलले नाहीत कशावरून, तर हे त्याचं उत्तर, आणि ज्याला तपासायचंय त्याने स्वतः तपासावं.

८ जून, रविवार

एक्सेल नावाची जी फाइल येते ती खरं तर एक्सेल नसते. उघडताना एक्सेल इशारा देतो की फाइलचा प्रकार आणि शेपूट (नावाच्या शेवटी टिंबानंतर येतं ते) जुळत नाही, लोक "येस" दाबून पुढे जातात. नोटपॅडमध्ये उघडून बघितली, आत टॅबने तोडलेलं साधं टेक्स्ट. काही बँकांच्या फाइलमध्ये वेबपेजचं टेबल असतं. वाईट काही नाही, फक्त वाचायची पद्धत बदलते. वर वीसेक ओळी नाव, पत्ता, आयएफएससी वगैरे, खाली "हे संगणकाने तयार केलेलं विवरण आहे" वगैरे, मधलं आपलं.

आता महत्त्वाचं. सीएसव्हीवर डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडायची नाही. का ते सविस्तर लिहिते कारण पुढचा खजिनदार हे वाचणार आहे.

लॅपटॉपची सेटिंग अमेरिकन असेल तर १२/०५/२०२४ ही १२ मे ची तारीख एक्सेल ५ डिसेंबर समजतो. आणि १३/०५/२०२४ ला तेरावा महिनाच नसल्याने ती तशीच अक्षरं म्हणून सोडतो. म्हणजे प्रत्येक महिन्यातल्या १ ते १२ तारखा उलटतात (दिवस आणि महिना सारखाच असेल ती सोडून) आणि १३ पासून पुढच्या बरोबर दिसतात, पण त्या तारखाच नसतात. ओळखायची खूण म्हणजे रकान्यात काही तारखा उजवीकडे चिकटलेल्या आणि काही डावीकडे. आपलं मेंटेनन्स नेमकं महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत येतं, त्यामुळे नुकसान तिथेच सगळ्यात जास्त.

दुसरं म्हणजे लांब आकडे. यूपीआयचा रेफरन्स १२ आकडी असतो, एक्सेल तो ४.१३ई+११ असा दाखवतो आणि तशाच अवस्थेत सीएसव्ही परत सेव्ह झाली की पुढचे आकडे कायमचे गेले. १५ पेक्षा जास्त आकडे असतील तर दाखवण्याचाही प्रश्न नाही, सोळाव्यापासून थेट शून्य. एनईएफटीचा यूटीआर (बँकेने व्यवहाराला दिलेला क्रमांक) १६ अक्षरी आणि आरटीजीएसचा २२ अक्षरी, पण त्यांच्यात इंग्रजी अक्षरं असल्याने ते वाचतात. चेक नंबर सहा आकडी, त्यातली पुढची शून्यं उडतात, ००४५१२ चा ४५१२ होतो आणि मग काउंटरफॉइलशी जुळत नाही.

उपाय सोपा. रिकामी शीट उघडायची, "टेक्स्टमधून डेटा" ने आत घ्यायचं, तारखेच्या रकान्याला दिवस-महिना-वर्ष सांगायचं आणि रेफरन्स, चेक नंबर, वर्णन हे तिन्ही रकाने "टेक्स्ट" म्हणून. लिब्रेऑफिसमध्ये (एक्सेलसारखंच, पण फुकट मिळणारं सॉफ्टवेअर) तर उघडतानाच ही खिडकी येते, मी तेच वापरतेय. रकमांमधले आपले लाखाचे स्वल्पविराम काढून टाकायचे, १,२३,४५६.०० चं १२३४५६.००, नाहीतर तेही अक्षरं म्हणून बसतात आणि बेरजेत धरले जात नाहीत, एरर पण येत नाही.

एक छान गोष्ट सापडली. यूपीआय रेफरन्सचा पहिला अंक बहुतेकदा वर्षाचा शेवटचा अंक असतो आणि पुढचे तीन म्हणजे वर्षातला कितवा दिवस. १२ मे २०२४ चा व्यवहार ४१३३ ने सुरू होतो. ५ डिसेंबर असता तर ४३४० ने झाला असता. तारीख उलटली का याचा ताळा बँकेने आपसूक देऊन ठेवलाय.

१४ जून, शनिवार

दुसरा शनिवार, बँक बंद, घरी बसून सगळ्यात मोठं काम केलं, बॅलन्सचा ताळा.

स्टेटमेंटमध्ये प्रत्येक ओळीत त्या व्यवहारानंतरची शिल्लक असते. लोक फक्त शेवटची बघतात. पण तो अख्खा रकाना म्हणजे आपल्या कामाची तपासणी आहे. एक नवा रकाना घातला, मागच्या ओळीची शिल्लक अधिक जमा वजा नावे (खात्यातून गेलेली रक्कम) वजा या ओळीची शिल्लक, उत्तर शून्य यायलाच पाहिजे. दोन दशांशांपर्यंत राउंड करायचं, नाहीतर कॉम्प्युटरच्या अपूर्णांकामुळे ०.००००००००१ सारखं काहीतरी येतं आणि उगाच घाबरायला होतं. शून्य नाही आलं तर लाल रंग. एक ओळ सुटली, दोनदा आली, रक्कम चुकली, नावे-जमा उलटं झालं, काहीही झालं तरी तिथेच लाल होतं. कुठे बिघडलंय ते शोधत फिरावं लागत नाही.

फाइल लावल्या लावल्या सगळंच लाल झालं, कारण दोन वर्षांच्या फाइलमध्ये नवीन व्यवहार वर आणि जुने खाली असा क्रम. अशा वेळी तारखेवर सॉर्ट करायचं नाही! एका दिवसात सात-आठ व्यवहार असतात, सॉर्टनंतर त्यांचा आपसातला क्रम बँकेच्या क्रमाशी जुळेलच असं नाही आणि शिल्लक जुळत नाही. म्हणून आधी प्रत्येक ओळीला फाइलमधला ओळ नंबर दिला आणि त्या नंबरावर उलटं केलं. सगळं पांढरं. आणि मग तो नंबर कायमचा ठेवला, प्रत्येक ओळ कुठल्या फाइलमधली कितवी हे दोन रकाने आता शीटमध्ये आहेत, कुठल्याही आकड्यावर बोट ठेवलं तर मूळ फाइलमध्ये त्या ओळीपर्यंत जाता येतं.

मग डुप्लिकेट. आधी कोणीतरी उतरवून ठेवलेल्या काही तिमाही फाइल होत्या, त्यांचे काठ एकमेकांवर चढलेले, ३१ डिसेंबर इकडेही आणि तिकडेही. एक्सेलमध्ये "डुप्लिकेट काढा" बटण आहे आणि भाचा म्हणाला मावशी दाब की. तारीख, रक्कम आणि वर्णन सारखं असेल तर ते बटण ओळ उडवतं. पण आमच्याकडे मेंटेनन्स सगळ्यांचं सारखं, महिना अडीच हजार. एकाच दिवशी दोघांनी शाखेत रोख भरले तर वर्णन दोन्हीकडे "कॅश डिपॉझिट" एवढंच. तारीख तीच, रक्कम तीच, शब्द तेच. ते दोन वेगळे माणसांचे वेगळे पैसे आहेत! एकाची ओळ उडवली तर त्या घरावर अडीच हजाराची थकबाकी चढणार, आणि आमच्याकडे रोख भरणारे बहुतेक सगळे सत्तरीच्या पुढचे आहेत, त्यांनी पावती शोधत बसायचं का? फरक फक्त शिल्लकेच्या रकान्यात असतो, पहिल्यानंतर वेगळी, दुसऱ्यानंतर अडीच हजाराने जास्त. म्हणून डुप्लिकेट ठरवताना शिल्लक धरायचीच, आणि काढल्यावर ताळ्याचा रकाना परत बघायचा. तसं केलं, काठावरच्या ओळी गेल्या, रोख भरलेल्या सगळ्या राहिल्या.

शेवटी प्रत्येक वर्षाची शेवटची शिल्लक आणि पुढच्या वर्षाची सुरुवातीची. २०२० पासून पुढे सलग जुळलं.

१८ जून, बुधवार

वर्णनाच्या ओळी फोडणं. यूपीआयची ओळ तिरप्या रेघांनी तोडलेली असते, त्यात रेफरन्स, नाव, कधी यूपीआय आयडी, कधी भरणाऱ्याने लिहिलेला शब्द. लोक तिथे "मेंटेनन्स", "एमटीएनसी", "आईचे", "ओके" असं काहीही लिहितात. नाव कापलेलं येतं. बी विंगमधल्या आजींचे पैसे पिंपरीहून मुलगा भरतो, एका भाडेकरूने मालकाच्या वतीने वर्षभर भरले, एका काकांनी दोन खात्यांतून. म्हणून नावावरून फ्लॅट ओळखायचं एक वेगळं टेबल केलं, डावीकडे स्टेटमेंटमध्ये येतं ते नाव किंवा आयडी, उजवीकडे फ्लॅट, आणि कोणी सांगितलं ते. अंदाजाने काही भरायचं नाही, माहीत नसेल तर "अनोळखी" लिहायचं आणि विचारायचं. ए विंगमधल्या काकूंची फार मदत झाली, कोणाची सून कुठल्या आडनावाने खातं वापरते हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नाही.

ग्रुपवर मागणी आली की पूर्ण शीट टाका. नाही टाकणार. त्यात प्रत्येकाची नावं, आयडी, कोणाचा चेक परत गेला हे सगळं आहे. ज्याला स्वतःच्या फ्लॅटचं पान हवंय त्याला ते मिळेल, खर्चाची बाजू सगळ्यांना खुली, बाकीच्यांचं कमिटी आणि ऑडिटर. सेक्रेटरी काकांनी मीटिंगमध्ये हेच ठामपणे सांगितलं.

२० जून, शुक्रवार

आज दोन्ही पालख्या पुण्यात, शहरातले रस्ते बंद, शाखेत जायचं पुढे ढकललं. तोपर्यंत अडचण लिहून ठेवते. १ एप्रिल २०२० ला दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या, त्यात आपलीही. खातं, आयएफएससी सगळं पुढे बदललं आणि नेटबँकिंगमध्ये त्याआधीचं काही दिसत नाही. म्हणजे एप्रिल २०१८ ते मार्च २०२० ही दोन वर्षं ऑनलाइन नाहीतच. बँकांनी व्यवहाराचं रेकॉर्ड किमान पाच वर्षं ठेवायचं असा मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखालचा नियम आहे, किमान पाच. आपण मागतोय ती त्याच्या पलीकडची. त्यांच्याकडे असेल तर मिळेल, हक्काने मागता येईल असं नाही. हे सगळ्या सोसायट्यांना सांगावंसं वाटतं, ऑनलाइन दिसतंय तोवर उतरवून घ्या, ते कायम तिथे राहणार नाही.

२४ जून, मंगळवार

शाखेत गेले, जुना खाते नंबर, जुन्या पासबुकची झेरॉक्स आणि ठराव घेऊन. ऑफिसर मॅडम चांगल्या होत्या, जुन्या सिस्टिमचं रेकॉर्ड त्यांनी मागवून ठेवलं होतं, छापील मिळालं, प्रत्येक पानावर शिक्का-सही. फाइल मिळत नाही म्हणाल्या. मी बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्ट, १८९१ प्रमाणे प्रमाणित प्रत मागितली होती, त्यात कॉम्प्युटरवरून काढलेल्या छापील प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतं, तेही मिळालं. पुनर्विकासात उद्या वाद झालाच तर या कागदाला वजन आहे. नुसत्या आपण काढलेल्या प्रिंटला तेवढं नाही.

२८ जून, शनिवार

छापील पानं ३०० डीपीआयला स्कॅन केली, ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून टाइप करणारं सॉफ्टवेअर) लावलं. ३ आणि ८, १ आणि ७ हे गोंधळ येतातच, शिक्क्याखालचे आकडे तर वाचलेच गेले नाहीत. पण परत तोच ताळ्याचा रकाना, जिथे लाल तिथे कागद बघायचा. जुने खजिनदार काका शेजारी बसून मोठ्याने रकमा वाचत होते, मी टाइप करत होते. त्यांना त्यांच्याच रजिस्टरमधली प्रत्येक एंट्री तोंडपाठ असल्यासारखी आठवत होती आणि मार्च २०२० ची शेवटची शिल्लक पुढच्या खात्याच्या सुरुवातीच्या शिल्लकेशी पैशापर्यंत जुळली तेव्हा त्यांना झालेला आनंद बघून या कामाचं चीज झालं असं वाटलं.

ताळ्याची मर्यादा पण लिहून ठेवायला हवी. तो फक्त रकमा सांभाळतो. तारीख किंवा नाव चुकीचं वाचलं गेलं तर तो काही बोलत नाही. म्हणून या दोन वर्षांच्या तारखा काकांनी परत एकदा स्वतंत्रपणे तपासल्या.

२ जुलै, बुधवार

रजिस्टरशी मेळ. बहुतेक फरक मार्च-एप्रिलच्या सीमेवरचे, चेक मार्चमध्ये दिला, रजिस्टरला मार्चची तारीख, बँकेत एप्रिलमध्ये वटला. तो फरक चूक नाही, बँक जुळवणी पत्रकात दाखवायचा. लिफ्टवाल्याचे, वॉचमनच्या एजन्सीचे, पाण्याच्या टँकरचे सगळे चेक सापडले. सिंकिंग फंडाच्या एफडी खात्यातून कधी निघाल्या आणि व्याजासकट कधी परत आल्या त्याची एक वेगळी साखळी तयार झाली. कुठेच तुटत नाही. हे पान पुढच्या मीटिंगला भिंतीवर लावणार आहोत.

५ जुलै, शनिवार

ऑडिटर मॅडमना मूळ फाइल्स, ठशांची यादी, शीट आणि प्रमाणित प्रती दिल्या. पुढची पद्धत कमिटीने मंजूर केली, दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत मागच्या महिन्याची सीएसव्ही आणि पीडीएफ उतरवायची, त्याच दिवशी ताळा, एक प्रत सोसायटीच्या ऑफिसातल्या हार्डडिस्कवर आणि एक सेक्रेटरी काकांकडे. खजिनदार बदलला की बघायचा आयडी बंद करून नव्याने काढायचा.

राहिलंय ते एवढंच. २०१९ मधल्या काही रोख भरण्यांना अजून मालक मिळालेला नाही, त्या ओळी "अनोळखी" मध्ये आहेत. बँकेची भरणा स्लिप ज्यांच्या घरी असेल त्यांनी शोधावी म्हणून दोन्ही विंगच्या नोटीस बोर्डावर तारीख आणि रक्कम लावलीये. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा आहे, तोपर्यंत कोणी पुढे आलं नाही तर रक्कम अनामत म्हणून वेगळी दाखवायची, सोसायटीच्या उत्पन्नात धरायची नाही.